शनीचं कडं कोणी पाहिलं

डिचोली,
२१ ऑगस्ट १९८६

चि. सुविधा हिला आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सहा वर्षांनी लेकीचं पत्र येतं आणि आई आधी काय बघते, तर पाकीट वाटेत कोणी उघडलं होतं का. डिंक जरा जास्तच लावला होता. तू कधी इतका डिंक लावायची नाहीस, तुझं पाकीट टपालात टाकायच्या आधीच उघडायचं. म्हणून विचारते, हे पत्र तुझं तूच लिहिलंस ना? अक्षर तुझंच आहे, ते मी ओळखलं. पण "आम्ही उभयता सुखरूप आहोत" हे कोणी सांगितलं लिहायला? आपल्या घरात उभयता कोण म्हणतं गो?

मुलगी झाली, पाच वर्षांची झाली, जानकी नाव ठेवलंस, शाळेत घातलीस, आणि हे सगळं मला आत्ता कळतंय. नाक माझ्यासारखं आहे म्हणतेस. असेल. आईला विरघळवायला लिहिलं असशील तर तेही मला कळतं.

चवथीला ये. गणपतीवर माटोळी बांधायला यंदा हातच नाहीत, नेवऱ्या लाटून, सारण भरून मी एकटीने किती करायच्या? जानकीला आण. पण तुम्ही दोघीच या.

तू लिहितेस, येऊ तर तिघं येऊ. ते व्हायचं नाही. ज्याची पहिली बायको त्याच्याच कागलच्या घराच्या दारात मूल कडेवर घेऊन उभी होती, त्याला मी पाट मांडून जावई म्हणू? हे काही मी बाजारात ऐकलेलं सांगत नाही. गोकुळदास भावजी, तुझे सख्खे थोरले काका, मुद्दाम कागलला गेले आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. तुझे बाबा गेल्यापासून या घरात वडीलधारे तेच. त्यांचं नाही ऐकायचं तर कुणाचं ऐकायचं? तू तेव्हा म्हणालीस, ती बायको नव्हे, अभिजीतची बहीण वर्षा, बाळंतपणाला माहेरी आली होती. अडचणीत सापडला की प्रत्येक पुरुषाला एक बहीण निघते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस ती गेलीस.

वर नावाआधी सौ. लिहिलं नाही म्हणून फुगून बसू नको. ज्या लग्नाची मला खात्री नाही त्याचं मी कसं लिहू?

आणि एक. अभिजीत जानकीला दुर्बिणीतून शनी दाखवतो, तिला शनीचं कडं फार आवडतं, असं तू लिहिलंस. त्या माणसाचं कडं मीही बघितलंय. त्याच दिवशी मी त्याला ओळखलं होतं.

तुझी आई
शेवंती

०

डिचोली,
१८ सप्टेंबर १९८६

चि. सुविधा,

आली नाहीस. माटोळीला कांगलां, कवंडळं ही रानफळं कमीच मिळाली, नारळाची पेंड, अख्खा घड, मात्र भावजींनी चांगली आणली. गणपती दीड दिवसाचा झाला. मी रस्त्याकडचं जनेल उघडून बसून होते, बेळगावहून येणाऱ्या गाडीची वेळ मला पाठ आहे.

तू विचारलंस, कड्याचं काय म्हणत होतीस. तुला ठाऊक नाही कारण तू त्या दिवशी मुद्दाम घरात राहिलीस. का राहिलीस ते मला मागाहून कळलं, सगळ्यांसमोर त्याच्याकडे बघायची तुला लाज वाटत होती. मला वाटलं होतं तुझं डोकं दुखतंय.

तर ऐक. ऐंशी सालच्या पाडव्याच्या आधीचा शनिवार. अभिजीत तेव्हा पाळी गावच्या खाणीवर मोजणीच्या कामाला होता आणि आपल्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होता. खग्रास ग्रहण बघायला दुर्बीण घेऊन अंकोल्याला गेला होता, ती परत आणल्यापासून देवळापुढे लोकांना शनी दाखवायचा हट्ट धरून बसला होता. भावजींनीच मग परवानगी दिली. पण शनिवारी, अमावास्या तोंडावर असताना शनीच्या डोळ्याला डोळा लावायचा म्हणजे काय? अर्धे लोक घाबरून आले आणि अर्धे घाबरून आले नाहीत. दुकानदार बाबली वाटीत तेल घेऊन आला. नळकांड्यावर ओततो म्हणत होता. अभिजीतने त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. नारळ असो, पालखी असो, पहिला मान देवळाच्या महाजनांचा. दुर्बिणीलाही तसंच. अभिजीत काहीतरी समजावून सांगत होता, "यंदा जरा" असं काहीतरी, पण भावजी तोवर कदेल, देवळातली जुनी खुर्ची, पुढे ओढून बसले, डोळा लावला आणि म्हणाले, "वा. कडं काय स्पष्ट आहे. बायकांच्या हातातल्या पाटलीसारखं." मग दुसरे महाजन बसले, त्यांना भावजींपेक्षा मोठं कडं दिसलं. भटजींना दोन दिसली. बाबलीला तर ते फिरताना दिसलं. बायकांची पाळी शेवटी आली आणि बायकांतही माझी शेवटी. मी डोळा लावला. एक फिकट पिवळा ठिपका, वाटाण्याएवढा. बाकी काही नाही. मी परत बघितलं. चष्मा पुसून बघितलं. मग उठले आणि म्हणाले, "मला काही कडं-बिडं दिसत नाही."

सगळे हसले. भावजी म्हणाले, "शेवंतीच्या डोळ्यांत साय आलीय." हसू दे. पण अभिजीतही हसला, सुविधा. आणि वाकून माझ्या कानाशी काहीतरी बोलला. काय बोलला ते मी लिहिणार नाही. अपमान मी स्वतःच्या हाताने कागदावर कशाला उतरवू?

घरी येऊन मी विचार केला. भावजींना दिसलं, भटजींना दिसलं, मला नाही. म्हणजे माझ्या पाळीला त्याने नळी फिरवली. दुसरीच कुठली तरी चांदणी दाखवली. म्हाताऱ्या बाईला काय कळतंय म्हणून. पुढे नोव्हेंबरात, तू गेल्यावर, पेपरात फोटो आला. अमेरिकेचं यान शनीपाशी पोचलं होतं. एवढं रुंद कडं, बांगड्यांचा चुडा घातल्यासारखं. तो फोटो मी कापून ठेवला, तांदळाच्या डब्याखाली अजून आहे. त्या दिवशी माझी खात्री झाली. कडं होतं, आणि या माणसाने ते माझ्यापासून लपवलं. जो शनीचं कडं लपवतो तो बायको लपवणार नाही?

तुझी आई

०

डिचोली,
११ जानेवारी १९८७

चि. सुविधा,

तुझं पत्र आणि फोटो एकदम मिळाले, गाड्या बंद होत्या म्हणून टपाल तुंबलं होतं. इथे डिसेंबरात काय झालं ते तिकडच्या पेपरांत आलंच असेल. मराठी की कोंकणी यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. आपण घरात कोंकणी बोलतो, आरती मराठीत म्हणतो, पत्र मराठीत लिहितो, याचं आजवर कोणाला काही वाटलं नव्हतं. आता बाबलीच्या दुकानात साखर मागायला गेलं तर मागे उभा असलेला कान लावून ऐकतो, ही कुठल्या भाषेत मागते. मी बोट दाखवते आणि गप्प राहते.

भावजी सगळ्यांना सांगत असतात, पणजीच्या मोर्च्यात ते अगदी पुढे होते, डोळ्यांदेखत लाठ्या चालल्या, एकाचं डोकं फुटलेलं त्यांनी बघितलं. काल सोप्यावर पाच-सहा जण बसून ऐकत होते. आता तुला म्हणून सांगते, त्या दिवशी भावजींना ताप होता. मी त्यांना पेज आणि लोणच्याची फोड दिली, संध्याकाळपर्यंत घोंगडीतून हललेसुद्धा नाहीत. पण मी काही बोलले नाही. वडील माणूस, चार माणसांत बोलतो, बोलू दे. तेवढीच करमणूक.

आता फोटोबद्दल. वर्षा आणि तिचा नवरा संतोष यांच्या लग्नाचा फोटो पाठवलास. फोटोचं काय गो, स्टुडिओत कोणीही कुणाशेजारी उभं राहतं. तारीख मागे शाईने लिहिलीय, ती शाई मला नवी वाटते. ही बाई भावजींना दाखवली. ते म्हणाले, "हीच. हीच ती अभिजीतची बायको. हिच्या गळ्यातली वाटी मी विसरणार नाही." बघ. माणूस सात वर्षांमागची वाटी ओळखतो.

तू रागाने लिहिलं आहेस ते मी वाचलं. "आई, तुला सगळ्या जगाचा संशय येतो, फक्त घरातल्या माणसाचा येत नाही. हे माझं शेवटचं पत्र. विश्वास बसला तर कळव, नाहीतर जानकीला मी सांगेन की तिला आजी नाही."

हे वाक्य त्याने सांगितलं की तुझं तुला सुचलं? खरं सांग.

पाडव्याला ये. दोघी या.

आई

०

डिचोली,
३१ मे १९८७

चि. सुविधा,

तू खरोखरच लिहिणं सोडलंस. मी मात्र लिहितेय, कारण काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही.

काल गोवा राज्य झालं. बाजारात फटाके, शाळेवर दिवे. आपल्या देवळापुढे शाळेतल्या नव्या मास्तरांनी, सर्वेश नाव त्यांचं, पेडण्याकडचे आहेत, प्रदर्शन लावलं होतं. आणि मधोमध दुर्बीण. मी दुरून बघितली आणि पदर खोचून पुढे गेले. शनिवारच होता, आणि मास्तर शनीच दाखवत होते.

पुठ्ठ्यांवर यानाने काढलेले फोटो चिकटवले होते. मी ते आधी नीट तपासले. शनीला म्हणे खूप चंद्र आहेत. एकावर एवढा मोठा खड्डा की चंद्र फुटायचा कसा राहिला कोण जाणे. एक अर्धा काळा, अर्धा पांढरा. मी मास्तरांना म्हटलं, हा कोणी रंगवलाय? ते म्हणाले, काकी, तो असाच आहे, का आहे ते अजून कोणाला पक्कं ठाऊक नाही. एक नुसताच नारिंगी गोळा होता. मी विचारलं, यावर काय आहे? मास्तर म्हणाले, सगळीकडे धुकं. यान मुद्दाम त्याच्या जवळून गेलं, पण धुक्यापलीकडचं काही दिसलं नाही. मग फोटो कशाला लावला? तर म्हणाले, जे दिसलं ते लावलं.

त्या वाक्यापाशी मी थोडी थांबले.

बरं. रांग. पहिला मान अर्थातच भावजींचा, पण मास्तर नवे, त्यांना रीत ठाऊक नाही, त्यांनी माझ्याच हाताला धरून बसवलं. मी डोळा लावला. सुविधा, कडं होतं. खरंखुरं, तिरपं, स्वच्छ, आणि कडं आणि गोळा यांच्यामध्ये काळी फट. सुईत दोरा ओवता येईल अशी. मी उठेचना, मागचे कुरकुर करायला लागले.

मी उठले ती मास्तरांवर धावून गेले. म्हटलं, हे सात वर्षांमागे कुठे होतं? याच जागेवरून मी बघितलं तेव्हा नव्हतं. मास्तरांनी साल विचारलं. मी सांगितलं, ऐंशीचा पाडवा. ते म्हणाले, "मग बरोबरच आहे." आणि त्यांनी प्रसादाचं ताट उचललं. समोरून धरलं तर गोल ताट दिसतं. डोळ्याच्या रेषेत आडवं धरलं तर काठाची एक रेघ. शनी फिरता फिरता काही वर्षांनी आपल्याकडे नुसता काठ करतो, आणि काठ इतका पातळ की कडं नाहीसंच होतं. "ऐंशीच्या मार्चात अशा दुर्बिणीतून ते कोणालाच दिसणं शक्य नव्हतं, काकी. यान वेगळ्या बाजूने गेलं म्हणून त्याला दिसलं." मी दोनदा विचारलं, कोणालाच? ते म्हणाले, कोणालाच.

तेवढ्यात भावजी कदेलीवर बसले. चांगले ऐसपैस, उपरणं सावरून. डोळा लावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मीही. ते म्हणाले, "हां. तेव्हा होतं तसंच आहे. काही फरक नाही."

तसंच आहे. माझ्या कानांनी ऐकलं.

मी घरी आले. जेवले नाही. एवढंच आज लिहिते. उद्या मला भावजींना एक विचारायचं आहे, आणि त्याआधी मला जरा धीर गोळा करायला हवा. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी मी मान वर करून बोललेली नाही.

आई

०

डिचोली,
२ जून १९८७

चि. सौ. सुविधा,

विचारलं.

भावजी सोप्यावर चहा घेत होते. बशीत पावाचा उंडा बुडवून. मी खांबाला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "भावजी, कागलला तुम्ही गेलात तेव्हा काय काय बघितलंत ते मला परत सांगा."

"आता कितें तें?" म्हणाले. "दारात बाई होती. कडेवर पोर होतं. गळ्यात मंगळसूत्र."

"तुम्ही तिला विचारलंत, तू अभिजीतची कोण?"

"विचारायचं काय त्यात? दिसतच होतं."

"शनीचं कडं दिसत होतं तसं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. मी त्यांना मास्तरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, ताट आणून आडवं धरून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर, अगदी नाकाजवळ. आवाज माझा चढला असेल, शेजारची पार्वती कुंपणापाशी येऊन उभी राहिली. उभी राहू दे.

ते म्हणाले, "शेवंते, सगळा गाव बघत होता. पहिला मान माझा. मी उठून म्हणू, मला काही दिसत नाही?"

"आणि कागलला कोण बघत होतं?"

एवढ्या लांब गेलो, म्हणाले, परत येऊन तुला काय सांगणार, रस्त्यावर उभा राहून परत आलो म्हणून? ते घरातसुद्धा गेले नव्हते, सुविधा. कुणाशी बोलले नव्हते. दारात एक बाई दिसली, तेवढ्यावर वळले, आणि बेळगावला येईपर्यंत तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि अभिजीतच्या नावाचं केलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, असं म्हणाले. मला वाटतं तेही त्यांना खरंच वाटतं. रिकामं परतणं त्यांना जमतच नाही. पण त्यापायी माझी सात वर्षं गेली. माझ्या नातीचे पहिले दात, पहिलं पाऊल, सगळं गेलं. मला त्यांचा राग आलाय आणि तो एवढ्यात जाणार नाही, ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. चहा मात्र परत गरम करून दिला, गार झाला होता.

अभिजीत त्या दिवशी माझ्या कानाशी काय बोलला ते आता लिहिते. तो म्हणाला होता, "काकी, तुम्हाला दिसलं तेच खरं हाय बघा." मला वाटलं, चेष्टा करतोय. सगळा गाव एकीकडे आणि मी एकीकडे, तेव्हा कोणी माझी बाजू घेईल असं मला वाटलंच नाही. आणि आपण ज्यांच्या घरात भाड्याने राहतो त्या महाजनाला चारचौघांत खोटं पाडणार कसा तो पोरगा? म्हणून माझ्यापुरतं खरं सांगितलं. पण मीही त्याला एक विचारणार आहे. यंदा कडं दिसणार नाही हे ठाऊक होतं तर गोळा केलंस कशाला रे सगळ्यांना? याचं उत्तर तो काय देतो ते मला बघायचं आहे. माझा स्वभाव काही एका दुपारी बदलत नाही.

मी कागलला येतेय. परवाच्या गाडीने निघते, बेळगावला गाडी बदलेन. भावजी सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. जानकीला खायला खाजें घेतलंय, काजूबिया घेतल्या आहेत, माझी एक जुनी बांगडी मोडून जानकीसाठी वाळे केले आहेत, होतात की नाही ठाऊक नाही. वर्षाला बोलावून ठेव, तिच्यापुढे मला हात जोडायचे आहेत. हे पत्र माझ्या आधी पोचेल की नाही याची खात्री नाही, आणि तू दार उघडशील याचीही नाही. उघडलं नाहीस तर मी पायरीवर बसेन. पण भावजींसारखी रस्त्यावरून परत जाणार नाही.

जानकीला आजी नाही असं सांगून झालं असेल तर आधी ते दुरुस्त कर.

आणि तिचं नाक माझ्यासारखं आहे असं तू लिहिलं होतंस. ते मी येऊन बघते. नसलं तर नाही म्हणून सांगेन.

तुझी आई
शेवंती